मधूच्या पुतळ्याचा चेहरा

कापूस वेचून झाला की अंगणात पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचा ढीग लागतो, तसे आमच्या पुतळा कमिटीचे किस्से साचलेत. एक ओढावा, तर चार खाली येतात!

अनसिंगकडच्या आमच्या गावचा मधू एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याचा पुतळा बसवायचं आता सुचलं. कमिटीत रिटायर हवालदार नामदेव, मधूचा धाकटा भाऊ विठ्ठल आणि मी. मला काहून घेतलं? भांडायला, दुसरं काय!

मधूच्या बायकोनं, गयावहिनीनं, पहिल्याच मीटिंगला बजावलं, "ओयखू आले तं हार घालतो. नाई तं नाई!"

*

मधूच्या पुण्यतिथीला आम्ही फाट्यावर दोन मिनिटं गप्प उभे राहतो. गप्प राहणं आमच्या गावाला जमतं थोडंच! मधेच गावातला किसन बोलला, "झाले का दोन मिनिटं?"

नामदेव कडाडला, "झाले असते, तू बोलला! पुन्हा पयल्यापासून!"

चौथ्यांदा उभे होतो, तर वाशिमची एस.टी. आली. ड्रायव्हरला वाटलं, रास्ता रोको. त्यानं गाडी वळवली अन् परत नेली.

आमचे प्रमुख पाहुणे त्याच गाडीत होते!

*

कमिटीत लढाईच्या गप्पा निघाल्या की मी माझ्या मोठ्या काकांचं सांगतो. ते इंग्रजांच्या पलटणीत होते. मी गावभर छाती फुगवून सांगायचो, काकानं दुश्मन लोळवला. एकदा त्यांनाच विचारलं, "काका, दुश्मन पाह्यला का जवळून?"

"पाह्यला ना. पंगतीत बसला होता."

काका पलटणीच्या लंगरमध्ये, म्हणजे रसोड्यात, स्वयंपाकी! कैदी धरून आणले, त्यांनाही हेच वाढत होते.

"मंग काय केलं त्यानं?"

"काय करते? आनखी दोन पोया मागतल्या."

*

पुतळ्यासाठी फोटो पाहिजे. मधूचा एकच फोटो उरलेला, पलटणीचा. बर्फात दहा-बारा जवान, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, कानावर टोप्या. मधू माझ्या बरोबरीचा, पण मलाही ओळखू येईना. मधूची शिट्टी आठवते, चेहरा नाही. असं कसं होतं, काय माहीत!

गयावहिनीला विचारलं. तिनं एकावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर!

मी चिडलो, "वयनी, नवरा तुमचा होय का आमचा?"

"आठ दिवसांचा तं संसार," ती म्हणाली. "डोक्यावर पदर, खाली मान. तुमी मले त्यायचे पाय दाखवा, लगेच सांगतो!"

फोटोत सगळ्यांच्या पायात बूट.

*

शेवटी कारंज्याचा मूर्तिकार म्हणाला, "भाऊ आहे ना? भावाला बसवा समोर." विठ्ठल तीन दिवस टोपी घालून बसला. पुतळा तयार झाला अन् नामदेवानं कपाळ बडवलं.

"अरे, बावीस वर्साच्या जवानाले हे गालफडं कायले? ह्या सुरकुत्या कायले?"

मूर्तिकार म्हणाला, "तुम्ही सत्तरीचा बसवला. मी सत्तरीचा केला!"

पुतळा बसला तेव्हापासून पोरं विठ्ठलला पानटपरीवर सॅल्यूट ठोकतात. तो बोंबलतो, "अबे, मी जिता हावो ना!"

*

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. दिराचं तोंड पाहून वहिनी हार फेकून घरी जाईल, ही आम्हा तिघांना खात्रीच! विठ्ठल तर माझ्या मागे लपला.

पडदा ओढला. वहिनी जवळ गेली. पाहतच राहिली. त्या दिवशी दोन मिनिटं गप्प राहा म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही.

नामदेवाला राहवेना. "वयनी, चेहरा जरा बुढा झाला..."

"झालेच असते ना आता," ती म्हणाली.

पदरानं पुतळ्याचा गाल पुसला. हार घातला. मग मूर्तिकाराकडे वळून हळूच विचारलं, "भाऊ, टोपीखाली केस काये ठेवले, का पिकवले?"