कासवाच्या पोथीची समाप्ती

मोठ्या माणसांनी राक्षसांच्या, पऱ्यांच्या आणि बोलक्या जनावरांच्या कादंबऱ्या वाचाव्यात का, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याला स्वतःलाच वाचायच्या असतात, फक्त कुणीतरी 'वाच' म्हटलेलं हवं असतं. मी तसं म्हणत नाही. मी उलट विचारते, "जनावर कुठलं हवंय?" माणूस आधी हसतो, मग थोडा विचार करतो आणि उत्तर मात्र अगदी खरं देतो. त्या उत्तरावरून मी पुस्तक काढते. ही माझी जुनी खोड आहे आणि ती मला भाईंदरला लागली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी लग्न होऊन मी गिरगावातून भाईंदरला आले. यजमान मिठागराच्या कचेरीत कारकून होते. घर खाडीच्या काठाला, आणि दारातून दिसायच्या त्या मिठाच्या राशी. हवेत इतकं मीठ की पापड दुसऱ्या दिवशी सादळायचे आणि कडीकोयंडे वर्षभरात गंजायचे. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बांधायला टाकून लोक जी न्यायला विसरले, ती पुस्तकं आमच्या घरात राहिली आणि त्यांतली एक ट्रंकभर माझ्याबरोबर सासरी आली. बहुतेक सगळ्या जादूच्या कादंबऱ्या. "लोकांच्या सुना भांडीकुंडी आणतात, आमच्या सूनबाईंनी भुतं आणली," असं माझे दीर म्हणायचे. मी म्हणायचे, भांडी घासावी लागतात, भुतं घासावी लागत नाहीत.

गाव लहान. ट्रंकेची बातमी पसरायला वेळ लागला नाही. कचेरीतले हेडक्लार्क एका रविवारी आले आणि नातवासाठी एखादं पुस्तक मागू लागले. त्यांना नातू नव्हता, मुलींची लग्नंसुद्धा व्हायची होती. मी त्यांना खजिन्याची राखण करून करून कंटाळलेल्या सात तोंडांच्या सापाची कादंबरी दिली. पुस्तक परत करताना म्हणाले, "नातवाला सापाची दया आली हो." उत्तनहून कामासाठी कचेरीत येणारे एक ख्रिस्ती मास्तर होते. त्यांच्या आईला पायांच्या दुखण्यानं खाट धरावी लागली होती. तिच्यासाठी मी उडत्या घोड्याचं पुस्तक पाठवलं. मास्तर ते रोज तिला वाचून दाखवत. ते परत आलं तेव्हा सोबत केळ्यांची फणी होती, आणि दुसरा घोडा आहे का, अशी चौकशी होती. मला भारी तोरा चढला होता तेव्हा. कुणाच्या हातात काय द्यायचं हे आपल्याला बरोबर कळतं, असं वाटायला लागलं होतं.

अशातच आमच्याकडे मासळी घालणाऱ्या मावशीनं मला पायरीवर वाचताना पाहिलं.

मावशी आमच्याच भागातली कोळीण. रोज सकाळी पाटी घेऊन दारात यायची. तिच्या मासळीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण ती स्वतः मासळी खात नसे. आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिचा एकुलता एक मुलगा मिठाचा मचवा घेऊन मुंबईला निघाला आणि वाऱ्यात सापडला. मचव्याच्या फळ्या गोराईच्या बाजूला किनाऱ्याला लागल्या. बरोबरचे दोघे सापडले, तो सापडला नाही. त्या दिवसापासून मावशीनं मासळी सोडली. पोरगा येईपर्यंत तोंडात घालायची नाही. घरात ती आणि तिची सून, दोघीच. सासूनं सोडल्यावर सुनेनं कशी खायची? मग कोळ्याच्या घरातल्या या दोन बायका, दिवसभर मासळीत हात घालणाऱ्या, जेवायला मात्र वालाची आमटी घेऊन बसायच्या.

"कसली पोथी गो, बाय?" मावशीनं पाटी उतरवत विचारलं.

"पोथी नाही, मावशी. गोष्ट आहे. एका कासवाची."

खरं तर कासवाचं पुस्तक मी तिला सुचवलंच नव्हतं, तिनंच ते माझ्या हातात पाहिलं. त्यातलं कासव बेटाएवढं मोठं. समुद्राच्या तळाशी राहतं आणि त्याच्या पाठीवर एक गाव आहे. ज्यांच्या होड्या फुटतात त्या माणसांना ते पाठीवर घेतं आणि ती माणसं त्या गावात नांदतात. एवढं ऐकल्याबरोबर मावशी मटकन खाली बसली. मग पदर डोक्यावर घेतला आणि पुस्तकाला हात जोडले.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आधी त्याच्या पाया पडून मग देवाकडे जायचं. ज्या पुस्तकात कासव, ते पुस्तक पोथी नव्हे तर काय? मी पुष्कळ सांगितलं की ही कादंबरी आहे, कुणीतरी घरात बसून रचलेली आहे. मावशी म्हणाली, "पोथी पन कुनीतरी बसूनच लिवली असंल ना?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी तिच्या अंगणात जाऊन वाचायला लागले. बाजार करून आलेल्या चार-दोन बायका जाळी विणत बसायच्या. मावशीनं पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. वडिलांनी बांधलेल्या त्या पुठ्ठ्यावर हळदीचे डाग पडले म्हणून मी मनात चरफडले. पोथी एकदा लावली की मधे सोडायची नाही, रोज थोडी का होईना वाचायची, आणि शेवटी समाप्तीचा प्रसाद करायचा, हे मावशीनं मला बजावलं. यजमान घरी थट्टा करायचे, "बुवा, आज कुठला अध्याय?" मलाही हसू यायचं. पण वाचताना मावशीचा चेहरा पाहिला की हसू टिकत नसे. मचवा फुटल्याचा भाग आला तेव्हा तिनं जाळं बाजूला ठेवलं. कासव पाण्याखालून वर येतं आणि बुडणाऱ्या नावाड्याला पाठीवर घेतं तिथे ती हलकेच म्हणाली, "हां. तसंच झालं असंल."

सून खांबाला टेकून बसायची. माझ्याच वयाची. ती सकाळी मिठागरात टोपल्या वाहायची, टाचांना मिठानं भेगा पडलेल्या. ती काही बोलत नसे. मला वाटायचं, तिलाही बरं वाटत असेल. मी किती आंधळी होते ते मला एका दुपारी विहिरीवर कळलं.

"वयनी," ती म्हणाली, "पोथीत तो शेवटी घरी येतो का?"

ऐकणाऱ्याला शेवट सांगायचा नाही, हा माझा नेम होता.

"येत असंल तर आधी सांगा. मंग माझं संपलं." घागर तशीच काठावर ठेवून ती बोलत राहिली. गोडदेव गावचा एक माणूस तिच्याबरोबर मिठागरात कामाला होता. बायको गेलेली, लहान मुलगी पदरात. त्यानं हिला विचारलं होतं. त्यांच्यात पाट लावायला, दुसरं लग्न करायला, कुणाची ना नव्हती, जमातीतली मोठी माणसंही तयार होती. फक्त सासूनं 'माझा मुलगा गेला' एवढं म्हणायला हवं होतं. सासू म्हणायची, बारा वर्सं वाट बघायची, तशी रीत हाय. "बारा वर्सांनी मना कोन बघनार? त्या पोरीला आई आज पायजे. आनि आता तुमचं ते कासव आलंय. आता तं ती बोलते, तो खाली हाय, खातो-पितो हाय. मेला असता तं रडून मोकली झाली असती." मग तिनं माझा हात धरला. "वयनी, त्याला पोथीत मारून टाका. तिला काय वाचता येतंय? तुमी वाचाल ते खरं."

मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. हेडक्लार्कच्या सापाचा, मास्तरांच्या घोड्याचा जो तोरा होता तो पार उतरला. बाईला धीर यावा म्हणून मी पुस्तक उघडलं आणि दुसरीच्या पायांत बेडी पडली. इथे माझी चूक झाली असं मात्र मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. पुस्तक कुणाच्या मनात कसं उतरेल हे देणाऱ्याच्या हातात नसतं. पण हातात नसलं म्हणून जिवाला घोर लागायचा राहतो थोडाच?

आणि मला शेवट माहीत होता. तो नावाडी मरत नाही. घरीही येत नाही. या शेवटामुळे लहानपणी मी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. म्हणजे जसं आहे तसं वाचलं तर मावशीचा मुलगा कायमचा जिवंत आणि कायमचा दूर. सुनेला जन्मभर वाट बघायला लावणारा याहून वाईट शेवट कुठला असणार? त्याला मारणं खरोखरच सोपं होतं. एक वादळ आणखी घालायचं, कासवाची पाठ उलटवायची. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली. चांगली जुळली होती.

समाप्तीच्या दिवशी अंगण सारवलेलं होतं. पुस्तकावर झेंडूचं फूल होतं. सून खांबाशी बसली होती आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी शेवटचं पान उघडलं. जुळवलेली वाक्यं ओठांवर होती. आणि मला ती बोलता येईनात! ज्या हळदकुंकवाला मी इतके दिवस हसत होते, त्यानंच माझी जीभ धरली. पोथीत पदरचं घालायचं नाही, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. कादंबरी, कादंबरी म्हणून कितीही घोकलं तरी पाटावर ठेवलेलं ते पुस्तक आता माझ्यापुरतीही कादंबरी राहिलं नव्हतं. मी होतं तसंच वाचलं.

कासव एका सकाळी नावाड्याच्या किनाऱ्याजवळ वर येतं. त्याला म्हणतं, उतर, तुझं गाव आलं. त्याला माड दिसतात, घरांवरचा धूर दिसतो. तो पुष्कळ वेळ बघत राहतो. मग म्हणतो, माझी चूल आता खाली आहे, चल. कासव त्याला घेऊन पुन्हा पाण्यात जातं. तिथे पुस्तक संपतं.

सून उठली आणि माझ्याकडे न बघता खाडीकडे निघून गेली. मला वाटलं, हिचं आपण वाटोळं केलं.

मावशी पाटाजवळ सरकली. "त्या गावात बायका हायेत?"

"आहेत," मी म्हटलं. पुस्तकात होत्या.

"जेवान मिलतं?"

"मिळतं."

"मंग झालं." तिनं पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. "उद्या दुपारी परसादाला ये. सगल्याजनी या."

समाप्तीचा प्रसाद म्हणजे शिरा, फार तर नारळाची वडी. मी केळीचं पान घेऊन गेले. अंगणात पाय ठेवला आणि वासानंच थबकले. चुलीवर कोलंबीचं कालवण रटरटत होतं आणि तव्यावर बांगडे होते. ज्या घरात मचवा गेल्यापासून मासळी शिजली नव्हती, त्या घरात. आलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

मावशीनं पानं मांडली. पहिलं पान तिनं सुनेपुढे मांडलं आणि भातावर कालवण घातलं. सून हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"आई, तुमी सोडलीय ना?"

"तो येईपतूर सोडली व्हती. तो आता येनार न्हाय. त्याचं बरं चाललंय." मावशी हे इतकं सरळ बोलली की जणू मुलगा नोकरीला परगावी राहिला आहे. मग ती स्वतःच्या पानावर बसली आणि पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती. "त्यानं तिकडं चूल मांडली, तं तू हितं कोनासाठी बसलीस? त्या गोडदेववाल्याला सांग, चार मानसं घेऊन ये म्हनावं. मी हाय बोलायला. आनि पोरीला बरोबर आन, मना बघूं दे तिला."

मी जन्मभर वाचत आले, पण त्या दुपारी मला रडू फुटलं तसं कुठल्याही पुस्तकानं फुटलं नाही. मला जे सर्वांत वाईट वाटत होतं, त्यातूनच तिनं वाट काढली. मुलगा मेला, हे शब्द तिला मरेपर्यंत तोंडातून काढता आले नसते. ते न काढता सुनेला सोडायची जागा तिला कासवाच्या पाठीवर सापडली. मी नावाड्याला मारून टाकलं असतं, तर ती जागा मीच बुडवली असती.

पुस्तक मी परत मागितलं नाही. ते तिच्या देवांशेजारी राहिलं.

सून मात्र अजून तशीच बसलेली, भात पुढे, डोळे भरलेले. मावशीनं आपल्या डाव्या मनगटानं नाक पुसलं आणि एक बांगडा उचलून तिच्या पानात ठेवला.

"खा गो," ती म्हणाली. "सवय गेलीय तुजी. काटा बघून खा."