गच्चीवरून आलेली वायर

मला घटस्फोट घ्यायचा आहे, हे माझ्या वडिलांना एका परक्या बाईकडून फोनवर कळलं. तोवर मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा मोबाईल हातात आले होते, पण घरचा फोन अजून बाहेरच्या खोलीत, विणलेल्या रुमालावर ठेवलेला असायचा. आमचं घर नाशिक रोडला, नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेल्या लोकांनी मिळून बांधलेल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला, जाताना घरात कॉम्प्युटर ठेवून गेला आणि इंटरनेट घेऊन दिलं. इंटरनेट म्हणजे आमच्या भागातल्या केबलवाल्याचंच. टीव्हीच्या केबलशेजारून त्याने आणखी एक वायर गच्चीवरून खाली सोडली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली, आणि झालं. भावाशी बोलता येतं म्हणून पप्पा खूश होते.

मी पुण्याहून आले होते. सासरी सांगितलं की आईला बरं नाही, आणि आईला सांगितलं की सुट्टी शिल्लक आहे. खरं कारण दोन्हीकडे सांगण्यासारखं नव्हतं. माझा नवरा मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. तो फक्त तपासायचा. मी आंघोळीला गेले की माझा मोबाईल हातात घ्यायचा आणि मी बाहेर आले की विचारायचा, हा नंबर कुणाचा, दुपारी एवढा वेळ कुणाशी बोललीस. सुरुवातीला मी सांगायचे. मग सांगून सांगून माझी मलाच शंका यायला लागली, की मी खरंच काही लपवतेय की काय. म्हणून आले. इथे कुणी काही विचारत नव्हतं. दुपारी आईपप्पा झोपले की मी कॉम्प्युटरसमोर बसून घटस्फोटाबद्दल मिळेल ते वाचायचे. दोघांच्या संमतीने घेता येतो म्हणजे काय, कोर्टात काय विचारतात, बाईला नंतर कुठे राहता येतं. कुठे नाव दिलं नाही, कुठे फोन नंबर भरला नाही. नुसतं वाचायचं आणि बंद करायचं.

त्या रविवारी सकाळी आई मेथी निवडत होती. फोन वाजला, पप्पांनी घेतला. थोडा वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." पुन्हा ऐकलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"पुनर्विवाह मंडळ. बाई म्हणत होत्या, तुमच्या घरात घटस्फोटाचं चाललंय असं कळलं. मुलाचा आहे की मुलीचा, तेवढं सांगा, आमच्याकडे चांगली स्थळं आहेत."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. मुलगा तर अजून बिनलग्नाचा होता.

पप्पांनी माझ्याऐवजी आईला विचारलं, "भजनाच्या बायकांत काय बोललीस तू?"

"मला काही माहीत असेल तर मी बोलेन ना!" आई म्हणाली. आणि ते म्हणता म्हणताच ती थांबली, कारण माझा चेहरा तिने पाहिला होता.

मग मला सांगावंच लागलं. मेथीच्या काड्यांशेजारी बसून मी सगळं सांगितलं. आई रडली. पण तिचं रडणं मी समजत होते त्या गोष्टीसाठी नव्हतं. "आम्हाला नाही सांगितलंस," ती म्हणाली, "आणि त्या बाईला माहीत होतं." मी शपथेवर सांगितलं की मी कुणालाच बोललेले नाही. तिने विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. पप्पांनी उठून बाहेरचं दार लावून घेतलं. सगळी नोकरी त्यांनी अशा जागी केली होती की आत जाताना आणि बाहेर येताना झडती व्हायची आणि आतलं काही घरी बोलायचं नसायचं. घरातली गोष्ट बाहेर गेली, हेच त्यांना सहन होत नव्हतं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात वाईट गेले. आम्ही तिघंही माणसं धुंडाळत होतो. आईचा संशय समोरच्या बाईंवर. मी बॅग घेऊन आले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि "एवढी मोठी बॅग?" असं म्हणाल्या होत्या. आईने त्यांना विरजण देणं बंद केलं. भजनाला जाणंही बंद केलं. तिथल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात असं तिला वाटायला लागलं. पप्पांचा संशय जावयावर. आणि माझाही त्याच्यावरच. मला वाटलं, तो माझ्यामागे इथवर आलाय, कुणाला तरी लावून माझ्यावर नजर ठेवतोय, आणि आता हे असे फोन करवून मला चिडवतोय. मी खिडकीत कपडे वाळत घालतानाही खाली कोण उभं आहे ते आधी बघायचे.

मग दुसरा फोन आला. या वेळी मीच घेतला. एका वकिलाच्या ऑफिसातून कुणी तरुण बोलत होता. "मॅडम, संमतीने असेल तर आम्ही लवकर करून देतो."

मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीवर बसले. संमतीने. हा शब्द मी घरात उच्चारला नव्हता. आईपप्पांना सगळं सांगितलं त्या दिवशीही नाही. नवऱ्याला तर माझ्या मनात काय आहे याचाच पत्ता नव्हता. तो शब्द मी फक्त वाचला होता, त्या कॉम्प्युटरवर, दुपारी, एकटीने.

मी पप्पांना म्हटलं, "हे माणसाचं काम नाही. हे त्या वायरीतून गेलंय."

"कॉम्प्युटर काय फोन करतो लोकांना?"

"कॉम्प्युटर नाही करत. पण आपण काय बघतो ते केबलवाल्याला त्याच्याकडे बसून दिसत असेल. आणि आपला फोन नंबर त्याच्याकडे आहेच."

त्यांना पटलं नाही. मला तरी कुठे पूर्ण पटलं होतं? म्हणून मीच म्हटलं, आपण असं काहीतरी बघू की ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही. मग कळेल. पप्पांनी जरा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं हसू आलं. "द्राक्षाची बाग बघ," ते म्हणाले. आमच्याकडे जमीन तर नव्हतीच, पण आईची मोगऱ्याची कुंडीसुद्धा दर उन्हाळ्यात वाळायची. त्या संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसलो आणि द्राक्षांना ठिबक कसं करतात, भुरी आली की काय फवारतात, वेलीला मांडव कसला घालतात, सगळं वाचलं. पप्पांना तर ते आवडायलाच लागलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता बाग घ्यायची राहिलीय फक्त." दुसऱ्या दिवशीही वाचलं. आणि हे मुद्दाम कुणालाही सांगितलं नाही, भावालाही नाही.

त्याच आठवड्यात फोन आला. पप्पांनी घेतला आणि मला खुणेने जवळ बोलावलं. मी रिसीव्हरला कान लावला.

"नमस्कार दादा," पलीकडचा माणूस निफाडकडचा वाटत होता. "ठिबकचं बघताय ना तुम्ही? आपल्याकडे लय भारी माल हाय. किती एकर हाय बाग?"

पप्पा म्हणाले, "आमची बाग दुसऱ्या मजल्यावर आहे."

"काय म्हनले?"

"तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?"

माणूस सरळ होता बिचारा. "ते आता मला बी म्हाईत नाय दादा. आमच्या शेठकडं येत्यात नंबर. नेटवाल्यांकडनं."

पप्पांनी फोन ठेवला. हसू गेलं होतं. "म्हणजे तो आपल्याला बघतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने ते उठून आईजवळ गेले आणि म्हणाले, "उद्यापासून भजनाला जा." त्यांच्याकडून तेवढीच माफी होती. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण दुसऱ्या दिवशी गेली.

केबलवाल्याचं ऑफिस जेल रोडला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही दोघं गेलो. आत टेबलामागे तो स्वतः, पस्तिशीचा, गळ्यात जाड साखळी. मागच्या काचेच्या खोलीत दोन-तीन मशीन आणि त्यांचे लुकलुकणारे हिरवे दिवे. माझी नजर सारखी तिकडे जात होती. माझ्या त्या सगळ्या दुपारी तिथे कुठेतरी पडून होत्या.

"बसा काका," तो म्हणाला. "नेट स्लो चालतंय का?"

पप्पांनी सरळ विचारलं. तो रागावेल, नाकारेल, असं मला वाटलं होतं. त्याने चहा सांगितला.

"काका, आम्ही नाव थोडंच देतो कुणाला? फक्त नंबर देतो. कुणाला कशात इंटरेस्ट आहे, एवढंच. तुमचाच फायदा आहे त्यात, घरबसल्या माहिती मिळते."

"आम्ही काय वाचतो ते तुम्ही बघता?" मी विचारलं.

"मी कशाला बघू ताई? मला वेळ आहे का? ते मशीनमध्ये आपोआप येतं."

"पण ते आमचं आहे."

तो अगदी समजावण्याच्या सुरात म्हणाला, "ताई, वायर आमची आहे. आमच्या वायरवरून जातं ते आमच्याकडे येणारच ना."

पप्पांनी चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाले, "आमची लाईन काढून टाका."

तिथून आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "पण चोरीला काय गेलं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कॉम्प्युटर घरात होता, कपाट जागेवर होतं, सगळं होतं तसंच होतं. साहेब म्हणाले, "चार लोकांच्या सह्या घेऊन या, मग बघू."

म्हणून पप्पांनी सोसायटीची बैठक बोलावली. ओळखीची माणसं, वर्षानुवर्षं एकत्र नोकरी केलेली. बहुतेकांच्या घरात त्याच केबलवाल्याचं इंटरनेट होतं. पप्पांनी माझं नाव न घेता, फक्त द्राक्षबागेचा किस्सा सांगितला. लोक आधी खूप हसले. मग पप्पा म्हणाले, "म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरात काय बघितलं जातं, ते त्याच्याकडे आहे. तक्रार करू या."

हसणं थांबलं. आणि मग मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. एकेक जण खाली बघायला लागला. कुणी चष्मा पुसला. कुणाला गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे तर मुलंच वापरतात, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." दुसरे एक काका म्हणाले, "आपल्याला काय लपवायचंय? ज्यांना लपवायचंय त्यांनी घाबरावं." तेच सगळ्यांत आधी उठून गेले. सही एकानेही केली नाही. तक्रार केली की विचारणार, तुमच्याकडे कुणाचा फोन आला होता? ते कोण सांगणार?

दोन दिवसांनी दुपारी तळमजल्यावरच्या काकू आल्या. पप्पा घरी नाहीत याची खात्री करूनच आल्या असाव्यात. पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मला दारू सोडवणाऱ्यांचा फोन येतो गं. सारखा. आमच्यात तर कुणी घेत नाही."

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"म्हणजे घरातल्याच कुणीतरी वाचलं असेल ना ते?"

"असेल, काकू."

"यांनी, की मुलाने?"

ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "ज्याने वाचलं त्याला सोडायची असेल," मी म्हटलं, "एवढं तरी चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेल्या. महिन्याभरात त्यांच्या खिडकीतली वायर निघाली. मग वरच्या मजल्यावरची एक, मग आणखी दोन. याबद्दल जिन्यात कुणी कुणाशी अवाक्षर बोललं नाही.

केबलवाला एकदा स्वतः येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "काका, तुम्ही लोकांना भडकवताय." पप्पा म्हणाले, "वायर काढ असं मी कुणालाच म्हटलं नाही. तुला मशीनमध्ये दिसत असेल, बघ." पुढे त्याने धंदा विकला. कुणीतरी सांगितलं, मोठ्या कंपनीने घेतला, गिऱ्हाइकांसकट. त्या गिऱ्हाइकांबरोबर आणखी काय काय गेलं, ते विचारायला आता कुणी समोर बसणारंही नव्हतं.

माझं काम मी मग तोंडी केलं. सीबीएस स्टँडजवळ एका वकीलबाईंकडे गेले, समोरासमोर बसले, आधी दार लावून घ्यायला सांगितलं. नवऱ्याला मी स्वतः पुण्याला जाऊन सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "तुला हे कुणी शिकवलं?" संमती द्यायला त्याने बराच वेळ घेतला, पण दिली.

मला नाशिकमध्येच नोकरी लागली. घरून काम करावं लागायचं, त्यामुळे इंटरनेट पुन्हा घ्यावंच लागलं, दुसऱ्या कंपनीचं. जोडायला आलेल्या माणसाला पप्पांनी उंबऱ्यातच थांबवलं. "आम्ही काय वाचतो ते तुमच्याकडे दिसतं का?"

"नाही हो काका," तो म्हणाला. "मोठी कंपनी आहे आमची."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येऊ द्या त्याला." तो आत येऊन खिडकीजवळ चवड्यावर बसला आणि भिंतीत खिळे ठोकायला लागला. त्याचं काम होईपर्यंत पप्पा त्याच्या मागे, हाताची घडी घालून उभे होते.