राधानगरीहून परतताना नऊ टक्के

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून माझ्या बायकोला, रेखाला, ती घेऊन माहेरी राधानगरीला जायचं होतं. रविवारी कोल्हापुरात तिची शिक्षक भरतीची परीक्षा. शनिवारी दाजीपूरचं जंगल बघून माहेरी मुक्काम करायचा आणि सकाळी परतायचं असं ठरवून निघालो.

दाजीपूरच्या चढात बॅटरी बरीच उतरली. पण सासूबाईंकडं रात्रभर चार्जिंगला लावणार होतो, त्यामुळं काळजी नव्हती. तांबडा रस्सा-भाकरी झाली आणि लाईट गेली, ती सकाळपर्यंत आलीच नाही. पावसाळ्यात तिकडं मुक्काम करणार असाल तर हे धरूनच चाला. लाईटची वाट बघता बघता पहिली एसटीही गेली. उरलेल्या चार्जमध्ये हिशेबानं कोल्हापूर गाठता येत होतं, म्हणून निघालो.

वाटेत ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. पोलिसांनी सगळ्यांना लांबच्या रस्त्यानं वळवलं. मी एसी बंद केला, वेग कमी केला, काचा धुरकटल्या. रेखा मांडीवर हॉलतिकीट घेऊन नुसती बॅटरीच्या आकड्याकडं बघत होती. नऊ टक्के उरले तेव्हा शहर अजून बरंच लांब होतं. सावकाश गेलो तर पोचू, मी म्हणालो.

"आणि न्हाय पोचलो तर?"

तेवढ्यात आरशात लाल एसटी दिसली. रेखानं गाडी थांबवायला लावली आणि भर पावसात कडेला हात करून उभी राहिली. तिथं थांबा नव्हता. बस पुढं गेली, मग थांबली. कंडक्टर म्हणाला, आत पाय ठेवायला जागा न्हाय.

"उभी राहते की. पेपर हाय माझा."

दारातल्या एका बाईनं कडेवरचं पोर सावरलं आणि रेखाला आत ओढून घेतलं. बस वळणाआड गेली.

गाडी बंद पडली नाही. रांगत रांगत शहराच्या तोंडाशी चार्जिंग स्टेशनपर्यंत पोचलो. पण चार्ज करून परीक्षा केंद्रावर गेलो तेव्हा गेट कधीच बंद झालं होतं. रेखाचा फोन बंद, वॉचमनला काही सांगता येईना. ती आत आहे की वाटेतच अडकली, हे पेपर सुटेपर्यंत कळलं नाही. मग गर्दीतून ओल्या ओढणीतली रेखा आली. "गेट लावतच होते," एवढंच म्हणाली. मी तिथंच कट्ट्यावर बसलो.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, विचारत होता. पेट्रोलपेक्षा फार स्वस्त पडते, मी सांगितलं आणि फोन रेखाकडं दिला.

"घे की," ती म्हणाली. "पर गावची एसटी बंद पडू देऊ नको."