दाजींनी दाखवलेला दूधसागर

अक्का गेल्याचं दाजींनी मला स्पीकरवर कळवलं. "शोभा, तुझी अक्का लिंगैक्य झाली. बोल, समदे ऐकतायत," एवढं म्हणून ते थांबले. इकडं सांगोल्यात मी गॅससमोर उभी, आणि तिकडं सोलापुरात, नवी पेठेतल्या त्यांच्या दुकानावरच्या घरात जमलेली माणसं माझं रडणं ऐकायला कान लावून बसलेली... मी फोन ठेवला आणि मग रडले. अक्का झोपेतच गेली होती. ती गेल्याचं दाजींना कळलं ते सकाळचा चहा आला नाही म्हणून. हे मी पदरचं सांगत नाही, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनीच हे सांगितलं. त्यात लाजण्यासारखं काही आहे हे त्यांच्या अजूनही ध्यानात आलेलं नाही.

दिवसकार्य होईपर्यंत मी सोलापुरातच राहिले. येणारा प्रत्येक जण तोंडात एकच शब्द घेऊन यायचा, सोशिक. "महानंदावहिनी लई सोशिक हो." कोपऱ्यावरच्या एकाच दुकानातून सगळ्यांनी तो विकत आणल्यासारखा. तिच्या नणंदेनं तर पुरावाच काढला. "माझ्या हातनं तिच्या इरकलीवर हळद सांडली, तर म्हणाली, इर्ली बिड्री. दुसरी कोण असती तर माझं खानदान काढलं असतं की!" आमच्याकडे घरात कानडी आणि दुकानात मराठी. 'इर्ली बिडु' म्हणजे असू दे, सोड. मान देऊन म्हणायचं तर 'बिड्री'. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईनं मोठ्या मनानं माफ केलं. अक्काच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच होता, की तुझ्यावर शब्द खर्च करावा एवढीही तुझी लायकी नाही. त्या हळदीनंतर तिनं नणंदेला कधी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही, आणि नणंदबाईंना त्याचा पत्ता नाही.

माझी बहीण सोशिक नव्हती. माणसांना इतकं तुच्छ लेखणारी आणि ते इतक्या शांतपणे करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दुपारी दाजी जेवून आडवे झाले की तिचा फोन यायचा, आणि आम्ही दोघी मिळून साऱ्या गोतावळ्याची सालं काढायचो. कुणाच्या सुनेचा तोरा, कुणाच्या वास्तुशांतीतली पाणचट आमटी... आता दुपार झाली की हात फोनकडे जातो. मला तिची फार आठवण येते. या असल्या माणसांबद्दल मी आता कुणाशी बोलू?

दाजींनी तिला संसारात लग्नकार्य आणि देवदर्शन सोडून कुठं नेलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिनंच तोंड उघडून मागितलं. मोबाईलवर तिनं घाटातली रेल्वे पाहिली होती. गाडी डोंगराच्या कडेनं वळते आणि समोर दूधसागर कोसळतो, ते. हुबळीत लॉजवर चार दिवस राहायचं, सकाळी गाडीनं घाट उतरून खाली गोव्यातल्या कुळ्याला जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं, असा तिचा बेत. दाजी चटकन 'हो' म्हणाले तेव्हाच मला शंका आली होती. हुबळीत साड्यांचे होलसेलवाले आहेत. एका दगडात दोन पक्षी मारायचे होते त्यांना, आणि त्यातला एक माझी बहीण होती.

ती मात्र हरखली होती. गणपती उठल्यावर निघायचं ठरलं, कारण नवरात्रात दुकान सोडवत नाही. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, धपाटी, सगळं बांधून घेतलं. धबधबा कुठल्या बाजूला येतो याची तिनं चारचौघांकडे चौकशी केली आणि त्या बाजूची खिडकी मागून घेतली. "शोभे, मी डोळे मिटणार न्हाई बघ," म्हणाली. पहिल्या दिवशी ती त्या खिडकीत बसलीही. धारवाड गेलं आणि दाजींना डब्यात एक ओळखीचे शेठ भेटले. झालं. "तुमी हितं बसा की शेठ, बोलायला बरं पडतंय. ही काय, कुटंबी बसती." अक्का उठली आणि पलीकडच्या बाकाच्या कडेला जाऊन बसली. पुढं धबधबा आला तेव्हा सगळा डबा त्या बाजूला लोटला, आणि तिला दिसल्या माणसांच्या पाठी. दाजी शेठच्या खांद्यावरून मोबाईलवर शूटिंग करत होते. तिच्याकडे वळून म्हणाले, "सगळं घेतलंय ह्यात. लॉजवर गेल्यावर निवांत बघ की." अक्का म्हणाली, "इर्ली बिड्री."

हे सगळं दाजींनीच मला कौतुकानं सांगितलं होतं. "बघ, दुसरी असती तर कुरकुर केली असती!"

तो व्हिडिओ मी पाहिला आहे. सुरुवातीला दाजींचा अंगठा, मग शेठचा खांदा, मग जरासं पांढरं काहीतरी, आणि भर घाटात साड्यांच्या भावाची चर्चा. अक्का त्यात कुठंच नाही. मातीच्या दुसऱ्या दिवसापासून दाजी तो भेटायला येणाऱ्यांना दाखवत होते. "तिला दूधसागर दाखवला मी. आयुष्यात काई कमी केलं न्हाई." आणि ती माणसं चष्मे सरकवून, माना वाकड्या करून त्या अंगठ्याकडे बघायची आणि "वा वा, भाग्यवान हो," म्हणायची. माझ्या बहिणीच्या साऱ्या आयुष्याची एवढीच साक्ष उरणार होती.

खरं काय ते मला ठाऊक होतं. हुबळीत दुसऱ्या दिवशी दाजींना शेठच्या गोडाऊनवर जायचं होतं. "तू मठात जाऊन बस, मन रमंल," असं तिला सांगून ते गेले. दुपारी मला फोन.

"शोभे, मी कुटं हाय सांग बरं?"

"लॉजवर, दुसरं कुटं?"

"न्हाई गं. मी कुळ्याला हाय. फलाटावर. एकटी."

मला आधी काही कळेचना. साठीला आलेली ही बाई सोलापुरात रिक्षासुद्धा दाजींच्या सांगण्यावरून करायची. तिनं रांगेत उभं राहून साधं तिकीट काढलं होतं, गर्दीत घुसून खिडकी धरली होती, आणि कुणीतरी "आजी, जरा सरका" म्हणाल्यावर चक्क "न्हाई सरकत" म्हणाली होती. "खिडकी लावलीच न्हाई मी. शेजारची वराडत हुती, पाणी येतंय म्हणून. येऊ दे की! माझं लुगडं चिंब झालंय बघ." इतकी मोठ्यानं हसत होती की मीच इकडं दार लोटून घेतलं. परतीची गाडी लागेपर्यंत ती बोलत राहिली. काय काय पाहिलं ते सगळं सांगत राहिली.

"दाजींना काय सांगशील?" मी विचारलं.

"काय म्हणून सांगू? त्यांना सांगितलं की ते त्यांचं हुतं. उद्या दुकानात बसून सांगतील, आमच्या हिला मीच पाठवलं म्हणून."

संध्याकाळी ती लॉजवर पोचली, लुगडं बदललं, आणि मग दाजी आले. "दर्शन झालं का नीट?" त्यांनी विचारलं. "झालं की," अक्का म्हणाली. एवढंच. पुढं तीन वर्षं ती त्यांना रोज जेवायला वाढत राहिली आणि यातलं एक अक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि कधी बोललेही नसते... पण तो अंगठा मला सहन होत नाही.

मी निघायच्या आधीच्या रविवारी दाजी सकाळी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. पुरवणी मोठ्यानं वाचायची त्यांची जुनी सवय आहे. तोंड स्वयंपाकघराकडे करून वाचायचं, एक परिच्छेद झाला की थांबायचं, आतून अक्काचं "हं" आलं की पुढं. तिनं त्यातलं कधी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशीही ते तसेच वाचू लागले आणि परिच्छेद संपल्यावर थांबले. आत मी होते. मी "हं" म्हटलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा तोच परिच्छेद वाचायला घेतला. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण कीव आली म्हणून माझं मत बदललेलं नाही.

दाजी, पुरवणीत छापून आलेलं हेही तुम्ही मोठ्यानं वाचत असाल. आत कुणी नसलं तरी वाचा. त्या दिवशी ती मठात नव्हती. तुम्ही तिला दूधसागर दाखवला नाहीत, तिचा तिनं पाहिला. कसा पाहिला, गाडी वळल्यावर तिला आधी काय दिसलं, आणि ते बघून तिच्या मनात काय आलं, हे तिनं कुळ्याच्या फलाटावरून मला सांगितलं आहे. ते मी इथं लिहिलेलं नाही.