गवंडी ऐकत नाही

आण्णा, म्हणजे माझे वडील, गडमुडशिंगीचे गवंडी. चुन्यातलं जुनं काम त्यांच्या हातात होतं. नव्वदच्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका दगडी धर्मशाळेची दुरुस्ती त्यांनी केली. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगली, दगडांचे पापुद्रे सुटले. चौकशीत कामावरच्या इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं, गवंड्यानं न विचारता चुन्याऐवजी सिमेंट भरलं. त्यानंतर आण्णांना जुन्या इमारतीला कुणी हात लावू दिला नाही. गुऱ्हाळांची चुलाणं बांधत त्यांनी दिवस काढले.

मी पुढं जयसिंगपुरात शिक्षिका झाले. एके सकाळी पेपरात वाचलं, तेच साहेब, आता निवृत्त, कोल्हापुरात ‘जुन्या वास्तूंचं जतन’ यावर बोलणार होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्याख्यानाला आठवडा होता.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कागदपत्रं सांभाळणारा एक दफ्तरखाना शहरात होता. रजा टाकून तिथं जाऊन बसले. नकाशे, फोटो, पत्रव्यवहार, सगळं कापडी बस्त्यांत बांधलेलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनानं विचारलं, “बाई, पुस्तक लिवताय काय?”

“न्हाय. एकाचं नाक कापायचं हाय.”

तो हसला आणि पुढचा बस्ता सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धर्मशाळेच्या फायलीत पत्र सापडलं. साहेबांनी वरिष्ठांना लिहिलेलं, खाली सही. ‘चुना मळण्यात वेळ जातो, म्हणून सिमेंट भरण्यास सांगितले आहे. गवंडी ऐकत नाही. भिंत आत ओल धरेल असे म्हणतो. त्यास ताकीद द्यावी.’ मला रडू आलं नाही. एवढंच वाटलं, सापडलास! शिक्क्याची नक्कल घेतली आणि बाहेर येऊन तिच्या वीस झेरॉक्स काढल्या.

व्याख्यानात साहेब म्हणाले, “अडाणी गवंड्यांनी सिमेंट घालून आपल्या वास्तूंची वाट लावली.” प्रश्नांची वेळ आली तशी मी उठले. “एक पत्र वाचते. अक्षर कुणाचं ते तुम्हीच सांगा.”

सगळं वाचलं. साहेब पाणी प्यायले. “त्या काळी तशीच पद्धत होती.”

“मग चौकशीत गवंड्याचं नाव का सांगितलंत?”

मी पहिल्या रांगेपासून झेरॉक्स वाटत गेले. त्या रांगेत त्यांची बायको होती. तिचा काही दोष नव्हता. तरी तिच्या हातात एक दिली.

घरी आण्णांना पत्र वाचून दाखवलं. “मी नको म्हटल्यालं, ते लिवलंय व्हय त्यात?”

“व्हय.”

“परत वाच की.”

तीनदा वाचलं. मग ते म्हणाले, “म्हातारा झाला असंल आता. चारचौघांत कशाला केलंस?”

“त्यानं तुमचं चारचौघांतच केल्यालं की!” मी ओरडले. आण्णा उठून घरामागच्या परड्यात गेले.

साहेबांचं व्याख्यान पुन्हा कुठं झाल्याचं ऐकलं नाही. दोन वर्षांनी एस.टी. स्टँडवर ते दिसले. मला ओळखून त्यांनी तोंड फिरवलं. मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले आणि त्यांची गाडी लागेपर्यंत तिथंच उभी राहिले.