चित्रं नसलेला कॉम्प्युटर

बदनापुरात स्टेशनच्या वाटेवर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, कौसल्याची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बाई चौतीस वर्षांची, बी.ए. झालेली, आवाज खणखणीत. बारा वर्षांत तालुक्यातले अर्धे कारकून तिच्या हाताखालून गेले. दोन हजार एक साल उजाडलं तेव्हा मात्र मशिनी अकरा आणि शिकायला येणारे चौघं. बाकीचे सगळे रेल्वेनं जालन्याला, कॉम्प्युटर शिकायला.

रडत बसणं तिला जमत नसे. तिनं स्वतःच जालन्यात प्रोग्रॅमिंगच्या डिप्लोमाला नाव घातलं आणि नवऱ्याला, मच्छिंद्रला, सरळ सांगितलं, "पास झाले तर इथंच कॉम्प्युटरचा क्लास काढते. न्हाई झाले तर मशिनी विकते अन् भावजींच्या खताच्या दुकानात बसते."

भावजी म्हणजे सर्जेराव. त्यांनी लगेच निरोप धाडला, "वहिनीला म्हणावं, युरिया विकायला कॉम्प्युटर लागत न्हाई. आजच या."

हा निरोप तिला फार झोंबला.

क्लासमध्ये एका कॉम्प्युटरमागं चौघं बसायचे. तरणी पोरं कीबोर्ड मांडीवर ओढून घ्यायची आणि कौसल्या मागून बघायची. दोन महिन्यांत तिची बोटं कीबोर्डला लागली असतील तर तासभर. भुजंग सर, क्लासचे मालक, तिला वर सल्ला देत, "बाई, घरी मशीन नसंल तर यंदा प्रॅक्टिकलच्या नादी लागू नका. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! बायकांना सगळं पुढच्या वर्षीच का मिळायचं असतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. कौसल्यानं तरी विचारलं नाही. ती उठून भंगाराच्या आळीत गेली.

सिराजोद्दीन भंगारवाल्याकडं एका जिनिंगच्या हापिसातून निघालेला कॉम्प्युटर पडला होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला, वर कापसाच्या तंतूंचा थर.

"चालतो का?"

"चलता है भाभी, बिलकुल चलता है. दौडता नहीं," सिराजोद्दीन म्हणाला. "आज न्हाई नेला तर उद्या लोखंडाच्या भट्टीत जाईल. नंतर म्हणू नका सिराजनं सांगितलं न्हाई."

त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. मशीन घरी आणून चालू केलं, तर पडद्यावर विंडोजची चित्रं उमटेपर्यंत कौसल्याचा कुकर होऊन उतरला. मेमरी जेमतेम सोळा एमबी. प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं की सगळं गोठायचं, माऊसचा बाणसुद्धा.

मच्छिंद्र दारात उभं राहून बघत होता. तो बियाण्याच्या गोदामात कामाला. "अगं, हा तर आपल्या जुन्या सायकलीसारखा हाय. चालतो कमी, ढकलावा जास्ती."

"मंग ओझं कमी करायचं," कौसल्या म्हणाली.

जालना स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर तिला एक कॉम्प्युटरचं मासिक मिळालं. सोबत सीडी, सीडीवर विंडोजच्या जागी चढवायचं लिनक्स. आत लिहिलं होतं की हे फुकट आहे आणि नको ते सामान वगळून जुन्या मशिनीवरही चढवता येतं. तिनं वाचलं, खाली रेघा मारल्या, आणि रविवारी सकाळी स्वयंपाक उरकून बसली. मशीन सुरू करायला लागणाऱ्या दोन फ्लॉप्या क्लासमधून बनवून आणल्या होत्याच. पडद्यावर यादी आली: हे हवं का, ते हवं का. चित्रांचा पडदा? नको. खेळ? नको. गाणी? नको. सी भाषेचा कंपायलर? पाहिजे. लिहायला एडिटर? पाहिजे. बाजारातून भाजी आणावी तसं तिनं निवडून निवडून घेतलं. तीन तासांनी मशिनीनं कळवलं, झालं. आता फ्लॉपीवरून सुरू करा आणि डिस्कचं नाव टाइप करा.

नाव चार अक्षरी. इंग्रजीतली तीन अक्षरं, एच, डी, ए, आणि पुढं एक हा आकडा. तिनं टाइप केलं. पडदा भराभर ओळी ओकत गेला आणि थांबला. डिस्क उघडता येत नाही, म्हणे.

ती पुन्हा बसली. तीच ओळ, तोच नकार. पुढच्या रविवारी सगळं पुसून पहिल्यापासून चढवलं, तरी नकार. तिसऱ्या रविवारी डिस्कची वायर काढून, फुंकर मारून, परत खोचून बघितली. नकार. ओळ तिनं वीस वेळा वाचली असेल. मासिकात होती तशीच पडद्यावर होती. मिणमिणत्या मॉनिटरवर जेवढी दिसेल तेवढी.

चौथा रविवार. गुरुवारी प्रॅक्टिकल.

"जाऊ दे ना," मच्छिंद्र म्हणाला. "भट्टीचा माल हाय तो."

"जाऊ कसं द्यायचं? इकडं या. मासिक धरा. तुम्ही वाचा, मी मारते."

टायपिंगवाल्यांची ही जुनी रीत. आकड्यांचा तक्ता असला की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं ऐकून मारायचं. मच्छिंद्रला इंग्रजी भाषा येत नव्हती, पण अक्षरं आणि आकडे चोख येत. दिवसभर तो पोत्यांवरचे लॉट नंबरच वाचायचा. गोदामात ओरडतो तसा तो ओरडला, "एच! डी! ए! एक!"

कौसल्याची बोटं खटाखट चालली.

"थांब," मच्छिंद्र म्हणाला. "एक म्हणलो मी."

"एकच मारला."

"कुठं मारला? एक वरच्या रांगेत हाय. तुझं बोट उजवीकडं मधल्या रांगेत गेलं."

कौसल्यानं खाली बघितलं. उजव्या हाताचं तिसरं बोट इंग्रजी एलवर होतं.

तिच्या जुन्या टाइपरायटरना एकाचं बटनच नव्हतं. तिथं एक लिहायचा तर लहान एल मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कुणाचं काही अडत नाही. बारा वर्षं तिनं स्वतः तसंच मारलं आणि शेकडो पोरांना छड्या मारून तसंच शिकवलं. माणूस बघून समजून घेतो. मशीन समजून घेत नाही. ते बापडं तीन रविवार एल नावाची डिस्क शोधत होतं.

"अहो," ती म्हणाली, "तीन रविवार तुम्ही कुठं मेला होता?"

"तूच म्हणायचीस, मधी मधी करू नका."

तिनं हात वर नेला, एक मारला. ओळी धावल्या, धावत राहिल्या, आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ टिमटिमत उभी राहिली. मशीन तिच्या हुकमाची वाट बघत होतं. एकही चित्र नाही. दीड मिनिटात सगळं सुरू.

"हे काय, नुसता काळा पाटा!" मच्छिंद्र म्हणाला. "दाबायचं कुठं?"

"दाबायचं न्हाई. लिहायचं."

आणि लिहिण्यात तिला कोण हरवणार होतं? पुढचे तीन दिवस ती सकाळी बसली की जालन्याच्या दुपारच्या गाडीपर्यंत उठली नाही. चूक झाली की कंपायलर ओळीचा नंबर सांगायचा, ती दुरुस्त करायची, पुन्हा चालवायची. क्लासमध्ये दोन महिन्यांत झाले नव्हते इतके प्रोग्रॅम बुधवारपर्यंत झाले.

गुरुवारी परीक्षक औरंगाबादहून आलेले. प्रश्न आला: नावं आणि गुण घ्या, गुणांच्या क्रमानं लावा. मांडीवर कीबोर्ड घेणारी पोरं आता एकेक मशिनीपुढं एकटी होती आणि माऊस फिरवत मेनू शोधत होती. कौसल्यानं पाठ ताठ केली, बोटं ठेवली आणि सुरू झाली. खाली बघणं नाही, थांबणं नाही. परीक्षक खुर्चीवरून उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"आता उलट्या क्रमानं लावा," ते म्हणाले.

तिनं लहान-मोठं दाखवणारी एक खूण बदलली, चालवलं. यादी उलटी.

"सराव कुठं करता?"

"घरी. सोळा एमबीवर."

परीक्षक हसले. थट्टाच वाटली त्यांना. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले आणि कागदावर गुण लिहून कागद तिच्याकडं फिरवला. सगळ्यांचं संपलं तेव्हा वर्गात त्याच्या वर आकडा नव्हता. भुजंग सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, अभिनंदन. म्हणलं होतं ना मी, प्रयत्न करा."

"तुम्ही पुढच्या वर्षी म्हणला होता सर," कौसल्या म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली.

स्टेशनाबाहेरच्या पीसीओवरून तिनं गोदामात फोन लावला.

"झालं. पहिली आले."

"काय सांगती!" मच्छिंद्र इतक्या मोठ्यानं ओरडला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"चार टाइपरायटर उचलून आतल्या खोलीत ठेवा. जागा लागंल."

"आत्ता? पोती उतरवून राह्यलोय मी."

"मंग उतरवून झाल्यावर. पाचच्या गाडीनं येते. टेबल रिकामं दिसलं पाहिजे."

ती पोचली तेव्हा टेबल रिकामं होतं, वर पुसलेलंही. गोदामातल्या सगळ्या हमालांनी तो फोन ऐकला होता, आणि दारात त्यांच्यातल्या दोघांच्या पोरी वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. एक नंदा, दुसरी हमालीण इमामबीची धाकटी.

"बाई, क्लास कधीपासून?"

कौसल्यानं पिशवी खुंटीला अडकवली, आतलं पिवळं मशीन टेबलावर आणून ठेवलं आणि त्याचं बटन दाबलं.

"बसा," ती म्हणाली. "सुरू झाला."