मोजमावशींचं कार्ड

दार उघडायच्या आधीच घरात काय चाललंय ते मीटरवाल्याला कळायचं. महिन्याचा आकडा एकाएकी वाढला की बाळ आलं किंवा पाहुणा मुक्कामाला राहिला; आकडा घटला की मुलगी सासरी गेली, नाहीतर कुणीतरी कायमचंच गेलं. बावीस वर्षं तो त्याच गल्ल्या फिरला. पायऱ्या चढून चढून गुडघे कुरकुरायला लागले होते. मीटरवरचा आकडा हातातल्या यंत्रात घालायचा, मग मीटरखाली खिळ्याला अडकवलेल्या कार्डावर तारीख, आकडा आणि महिन्याचे युनिट लिहायचे आणि सही करायची. सही कसली, नुसती एक वेलांटी. नाव विचारायला सवड कुणाला होती? सगळे त्याला मीटरवालाच म्हणत. बायको चिडली की तीही तेच म्हणायची.

एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहत. दवाखान्यात चादरींच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. धुवायला गेलेल्या चादरी परत आल्या की मोजून घ्यायच्या, हे काम. इतक्या वर्षांत एक चादर कमी भरली नाही, हे त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. निवृत्त झाल्यावर मोजायला चादरी उरल्या नाहीत, तेव्हा त्या पायऱ्या मोजू लागल्या, काडेपेटीतल्या काड्या मोजू लागल्या. गल्लीने त्यांना मोजमावशी करून टाकलं.

मीटरवाला आला की मावशी स्टूल आणून ठेवायच्या. मीटर बाहेर, दाराच्या वर, चांगलाच उंच होता, आणि त्यांची नजर तिथवर पोचत नसे.

"शंभराच्या आत आहे ना रे?"

"आत आहे मावशी. ब्याण्णव."

"बघ. आणि आमचे चिरंजीव म्हणतात, आई, तुला एकटीला झेपत नाही."

शंभर युनिटांपर्यंत दर कमी, त्याच्या वर गेलं की जवळजवळ दुप्पट. पण मावशींना पैशापेक्षा त्या शंभराच्या रेघेचा अभिमान होता. परगावचा मुलगा दर रविवारी फोन करून "इकडे ये" म्हणे आणि मावशी त्याला कार्ड वाचून दाखवत. एक पंखा, एक छोटा फ्रिज, आणि देवापुढे रात्रंदिवस जळणारा झिरोचा लाल दिवा. एवढ्यात संसार बसवून दाखवत होत्या.

ब्याण्णव खोटे होते. उन्हाळ्यात मावशींच्या घरी सव्वाशेच्या पुढे युनिट जळत. मीटरवाला तीस-पस्तीस मागे ठेवून लिहायचा. थंडीत पंखा बंद झाला की वापर साठावर यायचा. तेव्हा मागे ठेवलेले युनिट थोडे थोडे पुढे सरकवायचे. वर्षाअखेर सगळं बरोबर. एका जुन्या सोबत्याने शिकवलेली ही युक्ती तो फेरीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांसाठी वापरायचा, आणि मागे ठेवलेल्या युनिटांची टिपणं एका छोट्या वहीत असायची. मावशींनाही त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलेलं पुण्य उतरतं, असं त्याची बायको म्हणे, ते त्याने सोयीने लक्षात ठेवलं होतं.

यंदा उन्हाळा हटता हटेना. चार महिन्यांचे मिळून एकशे पंचेचाळीस युनिट मागे राहिले. आणि थंडी यायच्या आधीच नवे मीटर आले. ते स्वतःच आकडा कळवतात, त्यांना वाचायला माणूस लागत नाही. शिडी घेऊन दोघे कारागीर आले, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा टिपून त्यांनी तो उतरवला. आपल्या फेरीतल्या गल्लीत काम झालं, हे मीटरवाल्याला चार दिवसांनी कळलं.

मागे राहिलेले सगळे धरून मावशींचं बिल दोनशे एकतीस युनिटांचं आलं.

जिन्यात तर रोजचीच चर्चा. मावशींच्या समोर राहणारी शिवणवाली म्हणाली, "जुना मीटर बैलगाडी होता, हा घोडा आहे. पळतोय नुसता."

खालचा पेपरवाला म्हणाला, "सगळं आपोआप झालंय बाई. वाचणारा नको, लिहिणारा नको. बिल भरायला तेवढा माणूस लागतो."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. नव्या मीटरला त्यांनी नावं ठेवली नाहीत. मोजणारं यंत्र चुकेल हे त्यांच्या मनालाच पटेना. मीटरवाला जिन्यात भेटला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"काहीतरी चालू राहिलं असणार बघ, आणि मी विसरले असणार. खरं सांग, माणूस विसरायला लागला की त्याला स्वतःला कळतं का?"

सगळं सांगायला तेव्हा दोन मिनिटं पुरली असती. तो म्हणाला, "जाऊ द्या मावशी, होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी. या तीन शब्दांवर मावशींनी पुढचे दिवस काढले. प्रत्येक बटणाशेजारी कागद चिकटवला. फ्रिज बंद केला. पंखा खरंच बंद केलाय ना हे पाहायला जिन्यातून परत फिरू लागल्या. शेवटी देवापुढचा दिवाही घालवला. मुलाने फोनवर बिल ऐकलं आणि म्हणाला, "आज पंखा विसरलीस, उद्या गॅस विसरशील." या वेळी वाचून दाखवायला कार्डावर आकडाच नव्हता.

मीटरवाल्याची जीभ उचलली नाही, त्याला कारण होतं. मीटर वाचणाऱ्या अकरा जणांपैकी तिघांना तक्रारींच्या खिडकीवर ठेवणार होते, बाकीच्यांना नारळ. यादी शनिवारी लागायची होती. खोटे आकडे लिहिल्याचं बाहेर आलं असतं तर यादीत नाव कुठलं? ताटात अन्न तसंच राहू लागलं तेव्हा बायकोने खोदून विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"देवापुढचा दिवा घालवायला लावलात हो तुम्ही."

"शनिवार होऊ दे. रविवारी जातो."

"देवाकडे शनिवार-रविवार नसतो."

तरी तो थांबला. शनिवारी यादीत त्याचं नाव दुसरं होतं. रविवारी सकाळी तो तिसरा मजला चढला, तर दाराला कुलूप.

शिवणवाली तोंडातला दोरा काढून म्हणाली, "शुक्रवारी नेलं लेकाने. घर भाड्याने द्यायचंय म्हणे. जाताना तीनदा विचारलं हो मावशींनी, कुलूप लावलं का म्हणून. आणि किल्ली त्यांच्याच मुठीत."

तिच्याकडून नंबर घेऊन त्याने पायरीवर बसूनच फोन लावला.

"मावशी, मी मीटरवाला."

"अरे, इथे कुठला माझा मीटर?"

त्याने सगळं सांगितलं. कुठेही थांबला नाही, थांबला असता तर पुढे सांगता आलं नसतं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"म्हणजे मी विसरत नव्हते."

"नाही, मावशी."

"पंखा?"

"तुम्ही वेळेवर बंद करत होता."

"आणि शंभराच्या आतही नव्हते."

"उन्हाळ्यात नव्हता."

"मला सांगायचं होतंस रे. दुपारचा पंखा कमी केला असता मी. जन्मभर मोजणाऱ्या बाईला तू खोटा आकडा दिलास."

"मी मुलाशी बोलतो, सगळं कबूल करतो," तो म्हणाला.

"त्याला मी हो म्हणून बसलेय. घरात सोमवारी माणसं राहायला येणार आहेत. आणि बाबा, आता खरंच विसरायला होतंय. काल नातवाला दोनदा भलत्याच नावाने हाक मारली. ते तुझ्या आकड्याने की वयाने, कुठला मीटर सांगणार?" मग म्हणाल्या, "एक कर. खरे आकडे मला लिहून दे. त्याच कार्डावर, तुझ्या हाताने."

कार्ड अजून खिळ्याला होतं. खिशातली वही मांडीवर ठेवून त्याने चार आकडे खोडले आणि शेजारी खरे लिहिले: एकशे सत्तावीस, एकशे छत्तीस, एकशे एकतीस, एकशे तेहतीस. शेवटच्या महिन्यापुढे शहाऐंशी. तो महिना खरोखरच शंभराच्या आत होता. खाली वेलांटी न काढता त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं. कार्डाची एक नक्कल काढून, तिच्याखाली अर्ज लिहून सोमवारी साहेबांपुढे ठेवली: बिल चार महिन्यांत वाटून द्यावं, चूक माझी. साहेबांनी ती दोनदा वाचली, यादी पुढे ओढली आणि दुसऱ्या नावावर रेघ मारली.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

कार्ड टपालाने गेलं. पुढच्या आठवड्यात शिवणवालीने त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं, "मावशींचा फोन होता. कार्ड पोचलं, म्हणाल्या. लेकालाही वाचून दाखवलं. आवाजात काय जोर होता."

त्याला त्या दिवशी जेवण गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारी शिवणवाली पुन्हा भेटली. या वेळी ती त्याच्याकडे न बघता हातातली पिशवी सारखी करत राहिली.

"मावशींचा फोन होता," ती म्हणाली. "कार्ड आजच मिळालं म्हणाल्या."